समजून घ्या : हार्ड डिस्क महागल्या, सोलापूरच्या उन्हाळ्यात घरातला ‘नॅस’ वाढवायचा कधी आणि ठेवायचा कुठे?

संगणकाच्या दुकानात सध्या एक प्रसंग वारंवार बघायला मिळतो. गिऱ्हाईक मोबाइलमध्ये मागच्या वर्षीचे बिल काढून दाखवते आणि ‘अशीच हार्ड डिस्क द्या’ म्हणते. दुकानदार आजचा भाव सांगतो. गिऱ्हाईक एकदा बिलाकडे बघते, एकदा दुकानदाराकडे, आणि ‘नंतर येतो’ म्हणून बाहेर पडते.

नंतर गेल्यावर भाव उतरलेला असेलच, याची खात्री आज कोणी देत नाही. फटका बसतोय तो लग्नाचे शूटिंग करणारे स्टुडिओ, सीए आणि वकिलांची छोटी ऑफिसे, सोनोग्राफी सेंटर आणि घरातल्या सगळ्यांचे फोटो एका डब्यात साठवणारी कुटुंबे यांना. त्यांच्या डब्याला म्हणतात ‘नॅस’. तो भरत आलाय, मोठी डिस्क हवी आहे, डिस्क महाग आहे. त्यात सोलापुरात उन्हाळा तोंडावर. या लेखात सांगायचे आहे ते एवढेच, की नॅस वाढवण्याच्या नादात तो ठेवलाय कुठे, याकडे आपले लक्ष जात नाही. आणि आपल्या गावात डेटा जातो तो बहुतेक वेळा त्यामुळेच.

नॅस म्हणजे नेमके काय?

एक, दोन किंवा चार हार्ड डिस्क बसणारा छोटा संगणक. त्याला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. वायफायच्या राउटरला केबलने जोडायचा. मग घरातला कोणताही मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही त्यावर फाइल ठेवू शकतो आणि वाचू शकतो. सिनॉलॉजी, क्यूनॅप या कंपन्यांचे तयार डबे मिळतात. हौशी लोक जुन्या संगणकावर ट्रूनॅस किंवा ओपन मीडिया व्हॉल्ट ही मोफत प्रणाली टाकून घरीच बनवतात.

सोलापूरकरांना ही कल्पना समजावून सांगायला फार कष्ट पडत नाहीत. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून आपण जमिनीखाली हौद बांधतो, गच्चीवर टाकी ठेवतो. नॅस हा घराचा फोटो-व्हिडिओचा हौद. फरक एवढाच, की हौद फुटला तर पुढच्या पाळीला पुन्हा भरता येतो.

भाव वाढले कशामुळे?

एका वाक्यात उत्तर द्यायचे तर कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे. चॅटजीपीटी, जेमिनीसारख्या सेवा चालवणारी डेटा सेंटर जगभर उभी राहत आहेत. त्यांना मेमरी चिप लागतात, एसएसडी लागतात आणि प्रचंड साठवणुकीसाठी हार्ड डिस्कही लागतात. जगात हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या उरल्या आहेत फक्त तीन : सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. मोठ्या ग्राहकाने ट्रक भरून माल मागितला, की किरकोळ गिऱ्हाइकाचा नंबर मागे जातो.

सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रेंडफोर्स या बाजार अभ्यासक संस्थेने सांगितले, की डेटा सेंटरमध्ये लागणाऱ्या मोठ्या हार्ड डिस्क मागणी नोंदवल्यापासून हातात पडायला ५२ आठवड्यांहून अधिक काळ लागतोय. ३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉन कंपनीने ‘क्रुशल’ हा आपला घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करण्याची घोषणा केली. रॅम आणि एसएसडी घेणाऱ्यांना हे नाव चांगलेच माहीत आहे. २०२६ च्या सुरुवातीला वेस्टर्न डिजिटलच्या प्रमुखांनी गुंतवणूकदारांना सांगितले, की या वर्षी बनणाऱ्या डिस्क जवळपास सगळ्या आधीच विकल्या गेल्या आहेत.

असे पहिल्यांदाच होत नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये थायलंडमध्ये महापूर आला. वेस्टर्न डिजिटलचा तिथला कारखाना पाण्यात गेला आणि हार्ड डिस्कचे भाव जगभर भडकले. ते पूर्ववत व्हायला वर्षाहून अधिक काळ गेला. २०२१ मध्ये ‘चिया’ या आभासी चलनाच्या मागे लागलेल्यांनी मोठ्या डिस्क उचलल्या, तेव्हाही तुटवडा झाला. पण पूर ओसरतो, चलनाची हवा निघून जाते. या वेळची मागणी पाच-दहा अतिश्रीमंत कंपन्यांची आहे आणि त्यांनी करार आगाऊ केले आहेत. त्यामुळे ‘दिवाळीत सेल लागला की घेऊ’ हा हिशेब यंदा चालेलच असे नाही.

मग क्लाउडवरच ठेवलेले बरे नाही का?

काही जणांसाठी हो. ज्यांचा सगळा पसारा २०० जीबीच्या आत आहे, त्यांनी नॅसच्या वाटेला जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण फुकट जागेचा इतिहास लक्षात ठेवायला हवा. गुगल फोटोजवर १ जून २०२१ पर्यंत ठरावीक दर्जाचे फोटो कितीही ठेवता येत होते. त्या दिवसानंतर ते १५ जीबीच्या मोफत कोट्यात मोजले जाऊ लागले. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअॅपचा बॅकअपही २०२४ पासून त्याच कोट्यात गेला. घरोघरी ‘स्टोरेज फुल’चा लाल पट्टा दिसायला लागला तो यामुळे.

ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी जिओ आणि गुगलने नवी योजना आणली. अनलिमिटेड ५जी ग्राहकांना गुगल एआय प्रो १८ महिने मोफत, सोबत २ टीबी जागा. या १८ महिन्यांची किंमत ३५,१०० रुपये असल्याचे सांगितले गेले, म्हणजे महिन्याला १,९५० रुपये. अनेकांनी योजना घेतली आणि मोबाइलमधले सगळे फोटो-व्हिडिओ तिकडे चढवले. ज्यांनी पहिल्याच दिवशी ती सुरू केली, त्यांची मुदत एप्रिल २०२७ च्या अखेरीस संपते. तोवर दीड टीबी चढवून झालेला असेल तर पैसे भरा किंवा उतरवून घ्या, असे दोनच मार्ग राहतात. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त साठा दोन वर्षे तसाच राहिला तर तो काढून टाकण्याचा अधिकार गुगलने नियमांत राखून ठेवला आहे.

स्टुडिओवाल्यांसाठी तर क्लाउडचा प्रश्नच वेगळा. १०० एमबीपीएस दर्जाचे फोर-के चित्रीकरण म्हणजे तासाला ४५ जीबी. तीन कॅमेरे चार तास चालले की ५४० जीबी. हळदीपासून वरातीपर्यंतचे एक लग्न वर चढवायला घरगुती फायबरला रात्रंदिवस काम करावे लागते, आणि तिथी असली की त्याच आठवड्यात पुढची दोन लग्ने येतात.

४० अंशांची ओळ

आता मुख्य मुद्दा. तुमच्या नॅसच्या खोक्यात एक माहितीपत्रक असते. ते कोणी वाचत नाही, मीही वाचले नव्हते. त्यात ‘चालण्यासाठी योग्य तापमान’ या ओळीत बहुतेक घरगुती नॅससाठी ० ते ४० अंश सेल्सियस असे लिहिलेले असते. हे तापमान डिस्कचे नव्हे, नॅसच्या भोवतालच्या हवेचे. डिस्कची स्वतःची मर्यादा बहुतेक वेळा ६० ते ६५ अंशांची असते.

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ वर जाणे ही बातमी राहिलेली नाही. काही दिवस तो ४४ च्या घरात जातो. हवामान खाते मोजते ते सावलीतले, मोकळ्या हवेतले तापमान. वरच्या मजल्यावर थेट स्लॅबखाली असलेल्या खोलीत रात्री नऊ वाजताही भिंतीला हात लावला तर चटका जाणवतो. अशा खोलीत बंद कपाट, कपाटात नॅस आणि त्याच्याच बाजूला राउटर. त्या कपाटात किती अंश असतील याचा अंदाज माहितीपत्रक लिहिणाऱ्याने नक्कीच केला नसणार.

साधा हिशेब असा. डिस्क फिरत असताना भोवतालच्या हवेपेक्षा साधारण १० ते १५ अंशांनी तापते. पुण्यात २८ अंशांच्या खोलीत ती ४० वर असते, निवांत. आपल्याकडे ४० अंशांच्या खोलीत ती ५० ते ५५ वर जाते. त्यात पंख्याच्या जाळीवर धूळ बसलेली असेल तर आणखी वर.

गरमीने डिस्क लगेच मरते का? नाही, आणि इथे घाबरवून उपयोग नाही. गुगलने २००७ मध्ये आपल्या डेटा सेंटरमधल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात तापमान आणि बिघाड यांचा संबंध लोक समजतात तेवढा घट्ट आढळला नाही. मात्र त्याच अभ्यासात दोन अपवाद होते : तापमान खूपच जास्त असेल तर, आणि डिस्क तीन वर्षांहून जुनी असेल तर. आता आपल्या घरातला नॅस आठवा. डिस्क २०२० किंवा २०२१ मध्ये घेतलेली आणि जागा माळ्यावर. दोन्ही अपवाद एकाच डब्यात.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. आमच्या काकांचा सोलापुरात छोटा फोटो स्टुडिओ आहे. इंजिनीअर पुतण्या म्हणून २०२० मध्ये दोन डिस्कचा नॅस मीच बसवून दिला. दुकानात जागा नव्हती, म्हणून वरच्या माळ्यावर ठेवला. दोन्ही डिस्कवर एकच माहिती जाते, एक गेली तरी दुसरी आहे, असे मोठ्या तोऱ्यात सांगितले. मे २०२४ मध्ये एक डिस्क गेली. मी नवीन घातली. नव्या डिस्कवर माहिती उतरवण्याचे काम भर दुपारी सुरू झाले आणि रात्र व्हायच्या आत दुसऱ्या जुन्या डिस्कने वाचताना चुका द्यायला सुरुवात केली. तिचे तापमान तेव्हा ५९ अंश होते. दोन्ही डिस्क एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच माळ्यावर चार उन्हाळे काढलेल्या. एक थकली तेव्हा दुसरी ताजी असेल, असे मी कशाच्या जोरावर धरून चाललो होतो?

बरेचसे परत मिळाले, पण दोन लग्नांचे मूळ चित्रीकरण गेले. त्यातल्या एका लग्नाचा व्हिडिओ अजून तयार करून द्यायचा होता. त्या मुलीचे वडील लग्नानंतर दोन महिन्यांनी वारले होते, आणि पाठवणीच्या वेळचे त्यांचे बोलणे तेवढ्या एका कॅमेऱ्यात होते. काकांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “बाळा, मशीन तू बसवलंस, आता तूच सांग ताईंना.” मी सांगितले. पलीकडून त्या एवढेच म्हणाल्या, “फोटो तरी आहेत ना?” फोटो होते.

मग नॅस ठेवायचा कुठे?

माळा, टीव्हीचे बंद युनिट, स्वयंपाकघराला लागून असलेली भिंत आणि पश्चिमेकडची भिंत या चार जागा बाद. तळमजला असेल तर तो, नसेल तर घरातली सर्वांत आतली खोली. उघडे फळकूट, जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच, मागे आणि बाजूला किमान चार बोटे मोकळी जागा. शहराच्या जुन्या भागात अजून माळवदाची घरे आहेत. अशा जाड मातीच्या छताखालची खोली भर मे महिन्यातही स्लॅबच्या खोलीपेक्षा बरीच थंड राहते. ज्यांच्याकडे आहे, त्यांनी नॅस तिथे ठेवावा. मात्र वरून माती झडते, त्यासाठी फूटभर वर आडवी फळी मारावी.

राउटर हॉलमध्येच आहे म्हणून नॅसही तिथेच ठेवावा लागतो, ही समजूत चुकीची आहे. चांगली कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत जाते. केबलचा खर्च डिस्कच्या तुलनेत किरकोळ.

कूलरबद्दल सावधगिरी हवी. ‘नॅस गरम होतोय ना, मग कूलरसमोर ठेवू’ हा उपाय मी दोन घरांत पाहिला आहे. कूलरच्या हवेबरोबर पाण्याचे बारीक कण येतात आणि आपल्याकडचे बोअरचे पाणी जड असते. कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर बसतो तोच हळूहळू सर्किटवर बसू शकतो. खोलीत कूलर असायला हरकत नाही, पण झोत थेट नको. छताचा पंखा किंवा छोटा टेबल फॅन चांगला.

पूर्व भागातल्या वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट. घरात किंवा शेजारी यंत्रमाग असेल तर हवेत सुताचे तूस असते. ते नॅसच्या मागच्या पंख्यावर नमद्यासारखे बसते आणि हवेचा रस्ता बंद करते. धूळ उडवून जाते, तूस चिकटून राहते. अशा घरात महिन्यातून एकदा नॅस रीतसर बंद करून, पंखा बोटाने धरून, मऊ ब्रशने जाळी साफ करावी. पंखा न धरता ब्लोअर मारला तर तो उलटा गरगरतो आणि खराब होतो. इतर घरांत तीन महिन्यांतून एकदा पुरे.

लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावण्याचा मोह अनेकांना होतो, चोरीची भीती खरी असते म्हणून. ठेवायचेच असेल तर कपाटाला खाली आणि मागे वर अशी दोन भोके पाडून घ्या, वरच्या भोकावर संगणकाचा १२० मिलिमीटरचा पंखा बसवा, आणि भोकांना बारीक जाळी लावा. पाल आणि झुरळांना उबदार जागा फार आवडते. नॅसखाली रबराचे तुकडे ठेवले नाहीत तर रात्री सगळे कपाट गुणगुणते.

एवढे केल्यावर नॅसच्या सेटिंगमध्ये जाऊन डिस्कचे तापमान बघा. दुपारी तीन वाजता बघा, सकाळी नव्हे. ४५ च्या आत असेल तर उत्तम, ५० ला मोबाइलवर सूचना येईल असे लावून ठेवा. बहुतेक नॅसमध्ये ही सोय असते आणि ती बंद ठेवलेली असते.

वीज जाते तेव्हा काय होते?

मे महिन्यात वळवाचा पाऊस येण्याआधी वारा सुटतो, कुठेतरी फांदी तारेवर पडते आणि दहा मिनिटांत वीज चार वेळा येते-जाते. पूर्ण दिवस लाइट नसणे डिस्कला परवडते, ही ये-जा परवडत नाही. फाइल लिहिली जात असताना वीज गेली तर अर्धी फाइलच नव्हे, फाइल कुठे आहे याची नोंदवहीच बिघडू शकते.

‘आमच्याकडे इन्व्हर्टर आहे’ हे अर्धेच उत्तर. घरगुती इन्व्हर्टरच्या मागे एक बटण असते, त्यावर यूपीएस आणि नॉर्मल किंवा इको अशा दोन खुणा असतात. नॉर्मलवर असेल तर वीज गेल्यापासून बॅटरीवर जाईपर्यंत जो क्षण जातो, तेवढ्यात नॅस बंद पडू शकतो. पंखे-दिव्यांना तो क्षण जाणवतही नाही. शिवाय बॅटरी संपत आली हे इन्व्हर्टर नॅसला कळवू शकत नाही. यूएसबी पोर्ट असलेला यूपीएस ते कळवतो, आणि नॅस फाइली नीट मिटवून स्वतःहून बंद होतो. अनेक स्वस्त यूपीएसना हे पोर्ट नसते, विकत घेण्याआधी मागची बाजू बघून घ्या. नॅस आणि राउटर मिळून ३० वॉटच्या आसपास वीज घेतात. ६०० व्हीएचा यूपीएस नवीन बॅटरीवर त्यांना अर्धा-पाऊण तास सहज चालवतो. जुन्या घरांत प्लगला अर्थिंग आहे का हेही वायरमनकडून एकदा तपासून घ्यावे.

बिलाची काळजी मात्र कमी करा. दोन डिस्कचा तयार नॅस २० वॉट धरला तर महिन्याला साडेचौदा युनिट होतात. युनिटला १० रुपये धरले तरी दीडशेच्या आत. जुन्या डेस्कटॉपचा नॅस केला तर मात्र ६० वॉट, म्हणजे ४३ युनिट. आणि तेवढीच जास्त गरमी त्याच खोलीत.

डिस्क घ्यायची आता, बसवायची कधी?

नॅसमध्ये एकेक डिस्क बदलता येते. दोन डिस्कच्या जोडीत आधी एक काढायची, मोठी घालायची, जुनीवरची माहिती नवीवर उतरू द्यायची, मग दुसरी बदलायची. दोन्ही बदलून होईपर्यंत वाढीव जागा दिसत नाही, हे माहीत नसल्याने अनेक जण पहिल्यानंतर फसवल्यासारखे बघत बसतात. ८ टीबीची डिस्क भरायला कमीत कमी १२-१३ तास लागतात. त्या काळात नॅस वापरात असेल तर दिवसही जातो. तेवढा वेळ राहिलेली जुनी डिस्क एकटी, अखंड पळत असते. काकांच्या नॅसमध्ये नेमके हेच झाले.

म्हणून भाव आणि ऊन यांची सांगड घालायची तर माझा सल्ला असा : जागा खरोखर संपत आली असेल तर डिस्क आता घ्या, बदलण्याचे काम एप्रिल-मेमध्ये करू नका. जूनमध्ये पाऊस पडून खोल्या थंड झाल्या की करा. तोपर्यंत थांबणे शक्य नसेल तर काम रात्री दहाला सुरू करा आणि सकाळपर्यंत नॅसला दुसरे काही करायला लावू नका. मात्र घेतलेली डिस्क खोक्यात ठेवून देऊ नका. बदलून मिळण्याची मुदत काही दिवसांचीच असते. त्या मुदतीत संगणकाला जोडून तिची पूर्ण चाचणी रात्री लावून ठेवा.

जून २०२५ मध्ये घेतलेली ‘नवी’ डिस्क खरोखर नवी आहे का, हा प्रश्नही आता विचारावा लागतो. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीतल्या हाइजे या प्रकाशनाने उघड केले, की चियासाठी हजारो तास वापरलेल्या सीगेटच्या डिस्क आकडे शून्य करून नव्या म्हणून विकल्या जात आहेत. वरवर दिसणारे तास पुसता येतात, पण सीगेटच्या डिस्कमध्ये ‘फार्म’ नावाची आणखी एक आतली नोंद असते. स्मार्टमॉनटूल्स या मोफत साधनाने ती वाचता येते. दोन्ही आकड्यांत तफावत दिसली तर डिस्क परत करा. भाव चढले की असे प्रकार वाढतात. पक्के बिल आणि कंपनीच्या संकेतस्थळावर अनुक्रमांक टाकून वॉरंटी तपासणे, हे दुकानातच उभे राहून करावे.

आणखी एक पारख. हार्ड डिस्कमध्ये माहिती लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत, सीएमआर आणि एसएमआर. एसएमआरमध्ये कौलांसारखे पट्टे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे स्वस्तात जास्त जागा मिळते, पण नॅसमध्ये नवी डिस्क भरताना काम रखडते. वेस्टर्न डिजिटलने नॅससाठीच्या ‘रेड’ मालिकेतल्या काही डिस्क न सांगता एसएमआर केल्याचे एप्रिल २०२० मध्ये बाहेर आले आणि मोठा गदारोळ झाला. आता ‘रेड प्लस’ सीएमआर आहे. कोणतीही कंपनी असो, मॉडेल क्रमांक टाकून पद्धत बघा. दुकानदाराला विचारले तर तो ‘सब एकच आहे’ म्हणेल.

सिनॉलॉजी वापरणाऱ्यांसाठी : २०२५ च्या प्लस मालिकेत कंपनीने स्वतःच्या यादीतल्याच डिस्क लागतील असा नियम आणला होता. ग्राहक चिडले. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या डीएसएम ७.३ मध्ये साध्या हार्ड डिस्क आणि साटा एसएसडीसाठी तो मागे घेतला. त्यामुळे जुने व्हिडिओ पाहून घाबरू नका, फक्त प्रणाली अपडेट करा. रॅम वाढवणे, वेगवान नेटवर्क कार्ड, एसएसडी कॅश या गोष्टी घरगुती नॅसला या भावात अजिबात नकोत.

दुसरी प्रत कुठे?

नॅसमधली जोडीची डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून फोल्डर पुसले तर ते दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसले जाते. घराला आग लागली, चोरी झाली, पाणी शिरले तरी दोन्ही एकत्रच जातात. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला महापूर आला तेव्हा माढा, मोहोळ, करमाळ्यासह जिल्ह्यातल्या अनेक गावांत घरांत पाणी शिरले. लोक अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडले. अशा वेळी कोणी नॅस उचलून नेत नाही, आणि नेऊही नये.

म्हणून एक प्रत दुसऱ्या गावात हवी. यासाठी महागडी योजना लागत नाही. सोलापूरच्या बहुतेक घरांतले कोणीतरी पुण्यात असतेच. दोन एक्स्टर्नल डिस्क घ्या, दोन्हीला पासवर्डने कुलूपबंद करा. एक नॅसला जोडून आठवड्याला आपोआप प्रत होऊ द्या, दुसरी पुण्याला. हुतात्मा एक्स्प्रेसने कोणी जाणार-येणार असेल तेव्हा अदलाबदल. सगळे परवडत नसेल तर परत न मिळणारे तेवढे आधी : मूळ फोटो, मूळ चित्रीकरण, कागदपत्रांचे स्कॅन. डाउनलोड केलेल्या सिनेमांची प्रत कोणी ठेवू नये. आणि वर्षातून एकदा त्या प्रतीतून एखादी फाइल प्रत्यक्ष उघडून बघा.

नॅस बाहेरगावाहून बघता यावा म्हणून राउटरचे दार इंटरनेटला उघडे ठेवू नका. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ या जुन्या उपकरणांवरचा डेटा जगभर दुरूनच पुसला गेला. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ने क्यूनॅपच्या हजारो नॅसमधल्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. बाहेरून वापरायचाच असेल तर टेलस्केलसारखी सुरक्षित वाट वापरा. घरी वापरायला ती मोफत आहे.

काकांचा नॅस आता दुकानामागच्या घरात, देवघराशेजारच्या आतल्या खोलीत आहे. मागच्या मे महिन्यात त्यातल्या डिस्क ४७ च्या वर गेल्या नाहीत. यंदा जागा ८० टक्के भरली आहे. ८ टीबीच्या दोन डिस्क घेऊन, तपासून ठेवल्या आहेत. त्या चांगला पाऊस झाल्यावर बसतील. सध्या तिसऱ्या डिस्कची पुण्याला जायची पाळी आहे, आणि येत्या रविवारी ती माझ्या बॅगेत असेल.